चीरमामाची गोटी

माझ्या मामाला अख्ख्या गोतावळ्यात चीरमामा म्हणतात. हे नाव आम्ही दिलेलं नाही, तो ते कारखान्यातून घेऊन आला. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे पांढरा दिवा असायचा, आणि दिव्यासमोर एखाद्या बाटलीत चीर दिसली, बुडबुडा दिसला, मान जराशी वाकडी दिसली, की मामा ती उचलून शेजारच्या पिंपात टाकायचा. पिंपात खळ्ळकन आवाज झाला की त्याला बरं वाटायचं. आयुष्यभर त्याने हेच केलं. चांगल्या बाटल्यांकडे त्याने कधी पाहिलं नाही, त्या आपोआप पुढे जायच्या.

अशा माणसाला घर बघायला नेऊ नये, एवढं साधं शहाणपण आमच्या घरात कुणालाच नव्हतं. उलट नात्यातल्या कुणालाही जुनं, स्वस्तातलं घर घ्यायचं झालं की पहिला सल्ला मिळायचा, "आधी मामाला दाखव." मामा लगेच तयार. घराच्या दारात उभा राहून तो आधी नाकाने दोन मोठे श्वास घ्यायचा. ओल कुठे आहे ते त्याला भिंत दिसायच्या आधी कळायचं. मग तो बोटाच्या पेराने भिंती ठोकत, कान लावत अख्खं घर फिरायचा. सगळे नळ एकदम सोडायचा. माळ्यावर जाऊन जड पावलांनी येरझाऱ्या घालायचा, आणि खाली उभ्या असलेल्या घरमालकाच्या डोक्यावर माती पडायची. सगळ्यात शेवटी गोटी. कारखान्यातच ओतलेली, आत एकही बुडबुडा नसलेली काचेची गोटी तो खिशातून काढायचा, खोलीच्या मधोमध ठेवायचा आणि हाताची घडी घालून उभा राहायचा. गोटी घरंगळली की त्याचा चेहरा खुलायचा. मग तो गोटी उचलून पुसायचा आणि म्हणायचा, "नको."

आजवर तो "घे" म्हणाल्याचं मला आठवत नाही. माझं घर मी त्याचं न ऐकता घेतलं. "पाच वर्षांत खाली बसेल," असं तो म्हणाला होता. घर अजून उभं आहे आणि मामा त्यात येऊन चहा पितो, पण कप खाली ठेवला की त्याचा हात खिशाकडे जातो. शेवटी मी बैठकीच्या खोलीत जाडजूड गालिचा अंथरला. त्यावर गोटी हलत नाही. मामाला तो गालिचा अजिबात आवडत नाही.

आणि हा एवढा जाणकार माणूस स्वतः राहायचा कुठे, तर भाड्याच्या दोन खोल्यांत. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. मामाने लग्न करून पाहिलं होतं. घर मात्र नुसतंच पाहिलं होतं.

त्यात भरडली जायची मामी. मामी कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. लोकांचे घट्ट झालेले, सैल झालेले, उसवलेले, कोपरात फाटलेले कपडे तिच्याकडे येतात, आणि ती ते त्यांना पुन्हा घालण्याजोगे करून देते. भाड्याच्या घरात खिडकीशी तिचं मशीन आणि मशीनखाली एक पत्र्याची पेटी. त्या पेटीत निळे पडदे होते. लग्नानंतर लवकरच, आता काय, घर होईलच, या भरवशावर तिने ते शिवले होते. पडद्यांना खिडकी मिळाली नाही. दरवर्षी ती ते काढायची, उन्हात टाकायची, घडी बदलायची आणि परत ठेवायची. मी एकदा विचारलं, मामी, दुसऱ्या कशाला तरी वापर की. तर म्हणाली, "माझे पडदे अजून तुझ्या मामाला कंटाळलेले नाहीत."

मामा असा का, तेही सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. माझ्या आजोबांना, म्हणजे मामाच्या वडिलांना, एक घर बघताक्षणी आवडलं होतं आणि त्यांनी ते त्याच दिवशी ठरवून टाकलं. वर्ष सरायच्या आत त्या घराची मागची भिंत शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडली. कुणाला लागलं नाही, पण आजोबांना मरेपर्यंत गल्लीत सगळे 'तीन भिंती' म्हणायचे. मामा तेव्हा शाळेत होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, मामा तर साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायचा.

हे असंच चालू राहिलं असतं, पण त्यांच्या घरमालकाने इमारत पाडायची ठरवली. थंडी संपेपर्यंत खोल्या सोडा, असा निरोप आला. वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं गेली, त्यांची दारं-खिडक्या काढून नेल्या आणि जिन्यातून वारा सुसाट यायला लागला. तेव्हा मामी मशीन थांबवून, माझ्यासमोर, अगदी साध्या आवाजात मामाला म्हणाली, "या थंडीत घर ठरलं नाही तर मी मशीन घेऊन बहिणीकडे जाणार. तुम्ही गोटी घेऊन कुठे जायचं ते बघा."

मामी आवाज चढवते तेव्हा कुणी घाबरत नाही. ती हळू बोलली की आम्ही सगळे घाबरतो. मामाही घाबरला. माझ्याकडे गाडी आहे, त्यामुळे रविवारी त्या दोघांना घरं दाखवत हिंडवायचं काम माझ्याकडे आलं.

दलाल बडबड्या होता. पडक्या घराला तो 'थोडं काम आहे' म्हणायचा आणि पडलेल्या घराला 'मोकळी जागा आहे'. त्याने दाखवलेल्या प्रत्येक घराला मामाने "नको" म्हटलं, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी नको म्हणण्याच्याच लायकीची होती. एका घरात तर मामाने भिंत ठोकल्यावर पलीकडून कुणीतरी "आत या" म्हणालं.

मग त्याने ते घर दाखवलं. जुन्या वस्तीत, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या टपऱ्यांमागे एक अरुंद गल्ली, आणि तिच्या टोकाला एका भिंतीला चिकटलेली दोन जुळी घरं. एक बंद, दारावर 'विकणे आहे'ची पाटी, तीही इतकी जुनी की खालचा फोन नंबर उन्हाने पुसून गेलेला. दुसऱ्यात, म्हणजे आम्हाला बघायच्या घरात, एक म्हातारे गृहस्थ एकटे राहत होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद केलं होतं, पण डोळ्याला लावायचं भिंग गळ्यातच होतं. त्यांची मुलगी नव्या इमारतीत, बरीच वर राहायची. हे घर राहण्याच्या लायकीचं उरलेलं नाही, ते विका आणि माझ्याकडे या, असा तिने धोशा लावला होता.

किंमत कमी होती आणि का कमी होती ते दिसत होतं. जिन्याची एक पायरी डुगडुगत होती. स्वयंपाकघराची खिडकी बंद व्हायची नाही आणि मोरीचं दार उघडायचं नाही. नळ गळत होता, कोपऱ्यात ओल होती. मामाने वास घेतला, ठोकलं, येरझाऱ्या घातल्या. शेवटी गोटी ठेवली.

गोटी हलली नाही.

मामा खाली वाकला. त्याने फुंकर मारली. गोटी थोडी पुढे गेली आणि शहाण्या मुलासारखी थांबली. मामाने मला बाहेर गल्लीत ओढत नेलं आणि कानाशी कुजबुजला, "घर चांगलं आहे. वरचे कपडे फाटलेत, हाडं पक्की आहेत." त्याचे डोळे ओले झाले होते. इतक्या वर्षांत मामाला काहीतरी आवडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मलाही भरून आलं. मी म्हटलं, मग आत्ताच आत जा आणि हो म्हण.

पण हो म्हणेल तर तो मामा कसला. आवडलं असं दाखवायचं नसतं, असं त्याने मला समजावलं. खोटी काढत राहायच्या, एकेक खोट दाखवली की किंमत आपोआप उतरते, जगाचा नियमच आहे तो. मग तो आत गेला आणि कपाळाला आठ्या घालून त्याने पायरी, खिडकी, नळ, मोरीचं दार, सगळं घड्याळजींना दाखवलं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून प्रत्येक जागा नीट पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पुढच्या रविवारी या."

मामा खूश. म्हातारा किंमत कमी करायला आठवडा मागतोय, असं त्याला वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर पायरी घट्ट बसवलेली, नळ कोरडा, खिडकी उघडत-मिटत होती. किंमत तीच. घड्याळजी कौतुकाच्या अपेक्षेने मामाकडे बघत उभे होते. जन्मभर त्यांच्याकडे माणसं घड्याळ घेऊन यायची, काय बिघडलंय ते सांगायची, आणि पुढच्या रविवारी न्यायला यायची. कुणी खोट सांगितली तर भाव उतरवायचा असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. खोट सांगितली की ती दुरुस्त करायची, एवढंच त्यांना ठाऊक.

मामा गडबडला, पण हरला नाही. त्याने नव्या खोटी काढल्या. त्याच्याकडे त्या कमी नव्हत्या. घड्याळजींनी भिंग लावलं, मान हलवली, पुढच्या रविवारी या म्हणाले. असं सुरू झालं ते सुरूच राहिलं. ओलीसाठी गवंडी बोलावला गेला, कौलं बदलली गेली. त्यात एकदा घड्याळजींनी कठड्याला ठोकलेले खिळे मामाला बघवले नाहीत. घड्याळं हाताळणाऱ्या हाताने ठोकलेले खिळे ते, अगदी नाजूक. पुढच्या वेळी मामा घरून हातोडी घेऊन आला. त्याच्या पुढच्या वेळी पाना आणि करवतही आली. मग मी चहा घेऊन जिन्याखाली बसायचे आणि वर दोन म्हातारे एकमेकांच्या चुका काढत मजेत खिळे ठोकत असायचे.

दलालाने कपाळाला हात लावला. "अहो, घर विकायचंय की लग्नाला उभं करायचंय?" असं त्याने मला विचारलं. मी मामाला बजावलं की ज्या घराची तू किंमत पाडतोयस तेच तू स्वतःच्या हाताने सजवतोयस, उद्या म्हातारा भाव वाढवेल. मामाला राग आला. घड्याळजी तसा माणूस नाही, म्हणाला. आणि ते खरंच होतं, घड्याळजींनी भाव अजिबात वाढवला नाही.

मामी पहिल्या रविवारी आत येऊन सगळ्या खिडक्या फितीने मोजून गेली होती. मग ती आत यायचीच थांबली. दुरुस्तीचे कपडे पिशवीतून घेऊन यायची आणि शेजारच्या बंद घराच्या पायरीवर उन्हात बसून टाके घालायची. गल्लीतल्या बायका तिथे थांबून बोलायला लागल्या, त्यांचे कपडेही तिच्याकडे यायला लागले. एकदा मी तिला शोधायला बाहेर आले तर पायरीवर नुसती पिशवीच. थोड्या वेळाने ती आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टकं होती. कुठे गेली होतीस विचारलं तर म्हणाली, हातपाय मोकळे करत होते. मला मामाचाच एवढा राग आलेला होता की मी पुढे काही विचारलं नाही.

थंडी ओसरत आली. मामाच्या इमारतीच्या वरच्या मजल्याचं छत उतरवायला माणसं येऊन बघून गेली. मामीने भांडी खोक्यांत भरली. शेवटी मामाच्या खोटी संपल्या. त्या शनिवारी त्याने मला फोन करून सांगितलं, "उद्या हो म्हणतो." आवाज नवरदेवासारखा लाजरा होता.

रविवारी घड्याळजींकडे त्यांची मुलगी आलेली होती. ती बऱ्याच महिन्यांनी आली होती. ती जिन्याने वर गेली, खाली आली. मोरीचं दार उघडलं. स्वयंपाकघराची खिडकी एका बोटाने मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. मग पायरीवर बसून वडिलांना म्हणाली, "बाबा, हे तर राहण्यासारखं झालं." घड्याळजींनी खाली मान घातली. मुलीच्या त्या उंच घरात त्यांना जायचं कधीच नव्हतं, हे तेव्हा तिथे सगळ्यांना कळलं. तिलाही.

ते मामाला गल्लीत घेऊन आले. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं होतं. म्हणाले, "साहेब, माझ्याकडे लोक बंद घड्याळ विकायला आणायचे. मी म्हणायचो, आधी चालू करून देतो, मग विका. चालू झालेलं घड्याळ कुणी विकलं नाही हो."

मामा त्यांना "बरोबर आहे" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? खोटी काढायला काही उरलंच नव्हतं.

गाडीत तो माझ्या शेजारी बसला तेव्हा त्याच्या हातात हातोडी होती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती हातोडी आली. मामी त्या दिवशी कामाचं निमित्त सांगून घरीच थांबली होती. घर जवळ यायला लागलं तसा मामा लहान होत गेला. "आयुष्यात एकदाच आवडलं होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "तिला मी काय सांगू?" इतके दिवस साठवलेलं बरंच काही मला त्याला सुनवायचं होतं, पण त्याच्याकडे बघून मी नुसता गाडीचा वेग कमी केला. ती खरंच बहिणीकडे जाईल अशी त्याला भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

मामी मशीनवर कुणाच्या तरी कोटाची कंबर सैल करत होती. मामाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एकही खोट लपवली नाही, त्यातल्या सगळ्या स्वतःच्याच होत्या. मामीने शिवण शेवटपर्यंत नेली, दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "बरं झालं. शेजार ओळखीचा असलेला चांगला."

मग तिने मशीनच्या खणातून एक गंजकी किल्ली काढून टेबलावर ठेवली. बंद घराची किल्ली घड्याळजींकडेच असायची. मामा इकडे पायऱ्या ठोकत होता तेव्हा ही तिकडे जाऊन घर बघून यायची. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं. मालकाचा पत्ता काढला, इतकी वर्षं टाके घालून जमवलेल्या पैशांतून इसार देऊन मोकळी झाली. आज ती घरी राहिली ती कागदांवर सही करायला जायचं होतं म्हणून.

मामा खुर्चीत बसला. "अगं, पण मी ते बघितलंसुद्धा नाही!"

"म्हणून तर घेता आलं," मामी म्हणाली. "तुम्ही न बघितलेलं या शहरात तेवढं एकच घर उरलं होतं."

मी हसायला लागले आणि मामाने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्यात चिरा असतील, तो म्हणाला. असतीलच, मामी म्हणाली. "माझ्याकडे लोक फाटलेलेच कपडे आणतात. मी काय ते पिंपात टाकते?"

मामाने एकच गोष्ट विचारली, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आली. "मागची भिंत?"

मामीचा चेहरा तेव्हा बदलला. ती उठून त्याच्याजवळ गेली. "गवंड्याला दाखवली. घड्याळजींची ओल काढली त्यालाच. त्याने पाया उकरून बघितला, मी समोर उभी होते. ती भिंत पडणार नाही." मामाने मान हलवली. तो रडतोय हे त्याला कळलं नसावं, कारण त्याने डोळे पुसलेच नाहीत.

पुढच्या रविवारी मी त्यांचं सामान घेऊन गेले. ते घर शेजारच्या घराचं जुळं होतं खरं, पण दुरुस्तीआधीचं. पायरी डुगडुगत होती, नळ गळत होता, मोरीचं दार उघडत नव्हतं. मामी आधीच स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर चढली होती आणि खिडकीला निळे पडदे लावत होती. मापाचे होते. तिने मापाचंच घर शोधलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मामा दारात उभा राहिला. त्याने वास घेतला नाही, भिंत ठोकली नाही. पण हात खिशात गेलाच. घड्याळजी आपल्या दारातून वाकून बघत होते. मी म्हटलं, मामा, नको ना. त्याने ऐकलं नाही आणि उंबरठ्याच्या आत गोटी ठेवली.

गोटी निघाली. पुढची खोली ओलांडली, बोळातून वळणावर भिंतीला थोडी घासली, वेग घेतला आणि टणटणत सरळ स्वयंपाकघरात गेली. मामी स्टुलावरून उतरली आणि तिने पायाने गोटी अडवली.

मामा गोटीच्या मागोमाग बोळातून आला. "उतार आहे," तो म्हणाला.

"आहे ना," मामी म्हणाली. "पण माझ्याकडे येतो."

तिने गोटी उचलली, पुसली आणि खिडकीशी आणून ठेवलेल्या मशीनच्या खणात, बटणांच्या डबीत टाकली. मामा त्या डबीकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर तो नेहमीचा एक शब्द येतोय असं मला वाटलं. मग त्याने बाह्या दुमडल्या, माझ्याकडून पाना मागून घेतला आणि गळक्या नळाखाली बसला. भिंतीपलीकडून घड्याळजींनी ओरडून विचारलं, काही बिघडलंय का.

"खूप," मामा आतून ओरडला. "या लवकर."